‘विनलँड सागा’ संपली, आता काय वाचू? ऐतिहासिक साहसाच्या वाचकाला पुढची मांगा कशी सुचवावी

माकोतो युकिमुरा यांची ‘विनलँड सागा’ ही व्हायकिंगांच्या काळातली मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००५ साली सुरू झाली आणि जुलै २०२५ मध्ये तिचं शेवटचं प्रकरण आलं. माझ्या ओळखीतले बरेच जण तिच्यावरून बनलेल्या चलचित्र मालिका, म्हणजे २०१९ आणि २०२३ चे अ‍ॅनिमे बघून या मालिकेकडे वळले, मग पुस्तकांच्या मागे लागले. आता सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: “असंच अजून काही आहे का?”

या ‘असंच’मध्येच खरी गोम आहे. माझ्या आतेभावानं मला हेच विचारलं, तेव्हा मी फार विचार न करता ‘व्हॅगाबाँड’ या जपानी तलवारबाजाच्या मांगाचे पहिले तीन खंड त्याच्या हातात ठेवले. जुना काळ आहे, तलवार आहे, चित्रं तर अशी की पान उलटवत नाही. पंधरा दिवसांनी तो पुस्तकं परत घेऊन आला. म्हणाला, “दादा, चित्रं भारी आहेत, पण हा नुसता भटकतोय रे. आस्केलॅडसारखं डोकं कोणी चालवतच नाही.” आस्केलॅड म्हणजे ‘विनलँड सागा’तला कावेबाज टोळीप्रमुख. आतेभावाचं म्हणणं बरोबर होतं. त्याला तलवार नको होती, डाव हवे होते. ‘व्हॅगाबाँड’ माझ्या सर्वांत आवडत्या पुस्तकांपैकी आहे आणि माझ्या घाईमुळे एका वाचकासाठी ते वाया गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. चुकीच्या वेळी दिलेलं पुस्तक पुन्हा हातात घ्यायला माणूस फार वर्षं लावतो.

तेव्हापासून मी एक पद्धत पाळतो. ती इथे सविस्तर देतो.

आधी प्रसंग विचारा

“तुला काय आवडलं?” असं विचारू नका. त्यावर “स्टोरी भारी आहे” एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा, “वाचून झाल्यावर कुठला प्रसंग दुसऱ्या कुणाला सांगितलास?” माणूस जो प्रसंग सांगत सुटतो, त्यात त्याची भूक दिसते.

‘विनलँड सागा’चंच उदाहरण घ्या. पहिल्याच प्रकरणात फ्रँक लोक तळ्याकाठच्या एका गढीला वेढा घालून बसलेत. आस्केलॅड आपली माणसं घेऊन येतो, जहाजं चक्क खांद्यावर घेऊन जमिनीवरून नेतो, पाण्याच्या बाजूनं गढीत शिरतो आणि ज्यांच्याशी करार केला त्यांच्या आधी लूट घेऊन पसार होतो. एक वाचक हे सांगताना हातवारे करतो. दुसऱ्याला हे फारसं आठवतही नाही. तो सांगतो ते शेत: कथेचा नायक थोरफिन आणि त्याचा सोबती एइनार हे दोन गुलाम जंगल तोडतायत, बुंधे काही केल्या उपटत नाहीयेत, मग एका म्हाताऱ्याच्या शेतावर राबून त्याच्याकडून घोडा मागून आणतात, आणि अखेर त्या जमिनीतून गव्हाचे कोंब वर येतात. हा भाग साधारण आठव्या खंडापासून सुरू होतो. पहिल्या वाचकानं कदाचित तिथेच कंटाळून पुस्तक ठेवलं असेल आणि दुसऱ्यासाठी खरी कथा तिथेच सुरू झाली असेल.

म्हणून दुसरा प्रश्न हा विचारा: “कुठे कंटाळा आला?” हा पहिल्यापेक्षाही जास्त कामाचा आहे. आवडीबद्दल माणसं भिडेखातर काहीही बोलतात, कंटाळ्याबद्दल मात्र खरं बोलतात.

मग भूक ओळखा आणि त्यावरून मालिका निवडा

काळ किंवा देश जुळवत बसू नका. व्हायकिंग आवडले म्हणून दुसरे व्हायकिंग शोधायचे, सामुराई आवडला म्हणून अजून एक सामुराई, असं केलं की हमखास चुकतं. वाचक कशासाठी पान उलटत होता ते पाहा. माझ्या अनुभवात चार ओढी वारंवार दिसतात. चारही सारख्या वजनाच्या नाहीत, आणि एकाच माणसात दोन असू शकतात.

*डावपेचांची ओढ.* माझ्या आतेभावाची हीच. अशा वाचकाला यासुहिसा हारा यांची ‘किंगडम’ द्या. २००६ पासून चालू असलेल्या या मालिकेत चीनमधली लढणारी सात राज्यं एक कशी झाली ते येतं. शिन हा अनाथ, गुलाम मुलगा; मित्र ह्योसोबत काठ्या घेऊन तलवारबाजीचा सराव करतो आणि सेनापती होण्याचं स्वप्न बघतो. दुसरीकडे एइ सेइ हा छिन राज्याचा कोवळा राजा, ज्याच्या पायाखालची गादीच डळमळते आहे. हारा हे ‘व्हॅगाबाँड’कार ताकेहिको इनोए यांचे एकेकाळचे सहाय्यक, पण दोघांच्या पुस्तकांचा स्वभाव अगदी उलट आहे. इथे प्रत्येक लढाईत कोणती तुकडी कुठे उभी आहे, रसद कुठून येते, टेकडी कुणाच्या ताब्यात आहे, हे वाचकाला नीट दाखवलं जातं.

देताना एक इशारा जरूर द्या: सुरुवातीच्या खंडांतली चित्रं ओबडधोबड आहेत. चार-पाच खंड धीर धरायला सांगा. पंचविसाव्या खंडाच्या आसपास इतर राज्यं एकत्र येऊन छिनवर चालून येतात आणि सगळं राज्य हानगू खिंडीवर तग धरून राहतं. इतिहासात ही स्वारी इसवी सन पूर्व २४१ ची. खिंड लढवणं म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजवावं लागत नाही. मूठभर माणसं, अरुंद वाट आणि मागे राजा, एवढं दिसलं की आपण आपोआप सावरून बसतो. आतेभावानं तो भाग दोन रात्रींत संपवला.

डावपेच आवडतात पण रणांगणाचा भपका नको, अशा वाचकासाठी हितोशी इवाआकी यांची ‘हिस्टोरी’ आहे. नायक युमेनिस, कार्डिया गावचा, लहानपणी पुस्तकांत रमणारा, पुढे मॅसिडोनियाच्या दरबारात चिटणीस झालेला. सिकंदराभोवतीच्या माणसांत हा एक लेखणीवाला. तो संकटातून सुटतो ते बहुतेक वेळा समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखून. माझ्या मते आस्केलॅडवर जीव टाकणाऱ्यांसाठी याहून जवळचं पुस्तक नाही.

*माणूस बदलताना बघण्याची ओढ.* शेताचा भाग ज्याला भिडला तो हा वाचक. थोरफिनचा बाप थॉर्स त्याला सांगून गेलेला असतो की शत्रू असा कुणाचाच नसतो. हे वाक्य मुलाला उमगायला अर्धं आयुष्य जातं. ते उमगणं ज्याला बघायचं होतं, त्याच्या हातात न घाबरता ‘व्हॅगाबाँड’ द्या.

यावर थोडं थांबून सांगतो, कारण हा दुवा फार लोकांच्या लक्षात येत नाही. ‘व्हॅगाबाँड’ १९९८ मध्ये सुरू झाली. मियामोतो मुसाशी या खऱ्या तलवारबाजावर एइजी योशिकावा यांनी लिहिलेली कादंबरी तिच्या मुळाशी आहे. सुरुवात होते ती १६०० सालच्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर, चिखलात आणि प्रेतांमध्ये पडलेल्या दोन पोरांपासून. त्यातल्या एकाला जगातला सर्वश्रेष्ठ तलवारबाज व्हायचंय. आणि शेवटच्या खंडांत हाच माणूस एका ओसाड गावात, इओरी नावाच्या पोरक्या मुलासोबत, नापीक जमिनीत कुदळ घेऊन राबतो. पाणी कसं वळवायचं ते त्याला कळत नाही, गावात उपासमार आहे आणि त्याची तलवार तिथे कवडीच्या कामाची नाही. दोन वेगळे लेखक, दोन वेगळे देश, मध्ये सहा शतकांचं अंतर, आणि दोघांचेही योद्धे अखेर शेतात येऊन थांबतात. ज्या वाचकाला गव्हाचे कोंब आठवतात, त्याला मी एवढंच सांगतो आणि पहिला खंड देतो.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी: ‘व्हॅगाबाँड’ २०१५ पासून थांबली आहे. सदतीस खंड आहेत, शेवट नाही. हे न सांगता पुस्तक देणं म्हणजे वाचकाला फसवणं. ज्याला शेवट हवाच, त्याला काझुओ कोइके आणि गोसेकी कोजिमा यांची ‘लोन वुल्फ अँड कब’ द्या. १९७० ते १९७६, अठ्ठावीस खंड, पूर्ण. शोगुनचा, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाचा, माजी वधक ओगामी इत्तो सूडाच्या वाटेवर निघण्याआधी रांगत्या मुलासमोर एका बाजूला चेंडू ठेवतो, दुसऱ्या बाजूला तलवार. पोर कशाकडे जाईल त्यावर त्याचं मरण-जगणं ठरणार असतं. एवढा एक प्रसंग सांगा, वाचक पुस्तक मागून घेतो.

*मुलूख आणि माणसं बघण्याची ओढ.* हे वाचक लढाईची पानं भराभर उलटतात आणि कोण काय खातं, काय नेसतं, घर कसं बांधतं तिथे रेंगाळतात. यांच्यासाठी माझी पहिली निवड सातोरु नोदा यांची ‘गोल्डन कामुय’. २०१४ ते २०२२, एकतीस खंड, पूर्ण. रूस-जपान युद्ध नुकतंच संपलंय. त्यातून जिवंत परतलेला सुगिमोतो जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर बर्फात सोनं शोधतोय आणि त्याला तिथल्या आइनू या मूळ जमातीची असिर्पा ही मुलगी भेटते. दडवलेल्या सोन्याचा नकाशा तुरुंगातून पळालेल्या कैद्यांच्या अंगावर गोंदलेला आहे, ही झाली कथा. पण पुस्तकाचा जीव आहे तो चुलीपाशी. असिर्पा खारीचं मांस सुऱ्यांनी बारीक चेचते, सगळ्यांना आळीपाळीनं चेचायला लावते आणि चेचताना ‘चितातप, चितातप’ म्हणायला लावते. घास घेताना ‘हिन्ना’ म्हणायचं, अन्नाची कृतज्ञता म्हणून. सुगिमोतोनं आणलेलं मिसो, म्हणजे सोयाबीनचं आंबवलेलं वाटण, बघून ती तोंड फिरवते, कारण तिला ती विष्ठा वाटते. मग हळूहळू तेच तिला आवडायला लागतं. पाटा-वरवंट्याभोवती वाढलेल्या माणसाला ही पानं वाचताना आपलं घर आठवतं. आइनू भाषेसाठी हिरोशी नाकागावा या अभ्यासकांची देखरेख होती, त्यामुळे हे शब्द नुसते सजावटीला आलेले नाहीत.

याच ओढीचा शांत वाचक असेल तर काओरु मोरी यांची ‘अ ब्राइड्स स्टोरी’, एकोणिसाव्या शतकातल्या मध्य आशियातली. नायिका अमीर घोड्यावरून धनुष्यानं शिकार करते. एका पूर्ण प्रकरणात रोस्तेम नावाचं लहान पोर लाकडावर नक्षी कोरणाऱ्या म्हाताऱ्याजवळ बसून राहतं, बाकी काही घडत नाही, आणि तरी आपण श्वास रोखून बघतो. देताना सांगून ठेवा: लग्नाच्या वेळी अमीर वीस वर्षांची आणि नवरा बारा वर्षांचा आहे. लेखिका त्या काळाची रीत म्हणून हे फार हळुवारपणे हाताळतात, पण कुणाला ते खटकू शकतं आणि ते आधी कळलेलं बरं.

*मोठ्या सत्तेपुढे एकट्या माणसाची ओढ.* इथे मी दोन नावं नेहमी सांगतो. तोमातो सूप यांची ‘अ विचेस लाइफ इन मंगोल’: इराणातल्या तूस शहरात एका विद्वानाच्या घरी वाढलेली सितारा ही गुलाम मुलगी, मंगोल स्वारीत सगळं गमावते आणि ज्यांनी ते हिरावलं त्यांच्याच तंबूत जाऊन पोहोचते. तिच्याकडे शस्त्र नाही, शिकलेली विद्या आहे. चित्रं गोल, साधी, लहान मुलांच्या पुस्तकासारखी. आतला राग मात्र खोल. दुसरं नाव रियोको इकेदा यांच्या १९७२ सालच्या ‘द रोझ ऑफ व्हर्साय’चं. फ्रेंच राज्यक्रांती, राणी मारी आंत्वानेत आणि पुरुषासारखी वाढवलेली, राजवाड्याच्या पहाऱ्यावरची अधिकारी ऑस्कर. ऐतिहासिक साहस म्हणजे दाढीवाल्या पुरुषांची मारामारी, अशी समजूत असलेल्याला हे पुस्तक मुद्दाम द्यावं.

देण्याआधी तीन गोष्टी तपासा

वय सगळ्यात आधी. ‘विनलँड सागा’, ‘व्हॅगाबाँड’, ‘गोल्डन कामुय’, ‘लोन वुल्फ’ या मोठ्यांच्या मालिका आहेत. रक्त, नग्नता, क्रौर्य सगळं आहे. चित्रांचं पुस्तक दिसलं की घरातले ते बिनदिक्कत आठवीतल्या पोराच्या हातात देतात, हे मी पाहिलंय. शाळकरी वाचकाला यूसेइ मात्सुइ यांची ‘द इल्यूसिव्ह सामुराई’ जास्त जवळची वाटते. तिच्यातही हिंसा आहेच, म्हणून आधी एक खंड स्वतः चाळा. १३३३ मध्ये जपानमधल्या कामाकुराची लष्करी सत्ता कोसळते आणि ती सत्ता चालवणाऱ्या होजो घराण्यातला तोकियुकी हा पोरगा वाचतो, कारण त्याला पळता येतं. लढून मरणं हेच थोर मानणाऱ्या काळात याचा पराक्रम म्हणजे निसटणं. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलाला ही कल्पना पटकन रुचते.

दुसरं, लांबी. ‘किंगडम’ पंचाहत्तर खंडांच्या पुढे गेली आहे आणि अजून चालू आहे. ‘हिस्टोरी’ २००३ मध्ये सुरू झाली आणि २०२४ पर्यंत तिचे बारा खंड झाले. पहिलीला खिशाची तयारी लागते, दुसरीला संयमाची. वाचकाकडे यातलं काय आहे ते तुम्हाला माहीत असतं.

तिसरं, आवृत्ती. इथे लोकांचे पैसे वाया जातात. कोडान्शा या प्रकाशकाच्या इंग्रजी ‘विनलँड सागा’च्या नेहमीच्या आवृत्तीत एका जाड पुस्तकात दोन जपानी खंड असतात, आणि व्हिझ या प्रकाशकाच्या ‘व्हॅगाबाँड’च्या मोठ्या आवृत्तीत तीन. त्यामुळे “आठव्या खंडापासून वाच” असं सांगितलं आणि त्यानं इंग्रजी आठवं पुस्तक मागवलं, तर शेताचा अख्खा भाग हुकतो. याउलट अ‍ॅनिमेचे दोन्ही भाग बघून पुढचंच वाचायचं असेल, तर इंग्रजीतलं आठवं पुस्तक बरोबर जागेवर येतं. नेहमी पुस्तकाच्या पाठीवर कोणते मूळ खंड आहेत ते बघून मगच सांगा. शुएइशा या जपानी प्रकाशकाच्या ‘मांगा प्लस’ या अ‍ॅपवर बऱ्याच मालिकांची पहिली काही प्रकरणं फुकट आणि अधिकृत वाचता येतात. विकत घेण्याआधी तिथे चव बघायला सांगा.

आणि पहिल्यांदाच मांगा हातात घेणाऱ्याला पुस्तक उघडून दाखवा. उजवीकडून डावीकडे, चौकटी आणि बोलण्याचे फुगेही त्याच क्रमानं. आपल्याला जे शेवटचं पान वाटतं तिथून सुरुवात होते. पहिली दहा पानं जवळ बसून वाचली की डोळ्याला सवय लागते. हे न केल्यानं पुस्तक ‘समजत नाही’ म्हणून बाजूला पडलेलं मी दोनदा बघितलंय.

इतिहास किती सांगायचा

कमी. या प्रकारात सगळ्यात मोठा कथाफोड इतिहासच करतो. कथेतला राजपुत्र क्नूट १०१६ मध्ये इंग्लंडचा राजा झाला, हे शाळेच्या पुस्तकातलं वाक्य ‘विनलँड सागा’च्या निम्म्या वाचकांना नको असतं. ‘किंगडम’मधली नावं जपानी उच्चारात आहेत: शिन म्हणजे इतिहासातला ली शिन, एइ सेइ म्हणजे यिंग झेंग. जिज्ञासू वाचक ही नावं शोधतो आणि पुढचं सगळं एका झटक्यात त्याच्यासमोर येतं. शेवट माहीत असला म्हणजे रस जातो असं मात्र नाही. पानिपतात काय झालं हे ठाऊक असूनही आपण दर वेळी सदाशिवराव भाऊंच्या सोबत उत्तरेला जातोच. पण ते ठाऊक करून घ्यायचं की नाही, हे वाचकानं ठरवावं. मी फक्त काळ, जागा आणि कोण कुणाच्या विरुद्ध आहे, एवढं तीन वाक्यांत सांगतो.

एका पुस्तकाच्या बाबतीत मात्र जास्त बोलतो: ओसामु तेझुका यांची ‘बुद्ध’. १९७२ ते १९८३ या काळात लिहिलेली, इंग्रजीत आठ पुस्तकं. साहसकथा म्हणून ती अव्वल आहे आणि भूमी आपली, कपिलवस्तूची. पण महाराष्ट्रात १९५६ नंतर लाखो घरांत बुद्ध हे श्रद्धेचं नाव आहे. तेझुकांनी चाप्रा, तात्ता अशी कल्पित पात्रं घातली आहेत, मध्येच विनोद आहेत, नग्न चित्रं आहेत. हे चरित्र नाही, एका जपानी चित्रकारानं जीव ओतून केलेली स्वतंत्र कथा आहे, असं आधी सांगितलं की वाचक मोकळ्या मनानं वाचतो. न सांगता दिलं तर दुखावू शकतो, आणि त्यात चूक त्याची नसते.

एकच पुस्तक द्या आणि मागे लागा

दहा नावांची यादी पाठवली की त्यातलं एकही वाचलं जात नाही. एक मालिका, तिचा पहिला खंड, आणि “इथपर्यंत वाच, मग ठरव” अशी एक खूण. ‘किंगडम’साठी माझी खूण पाच खंड, ‘गोल्डन कामुय’साठी दोन, ‘अ ब्राइड्स स्टोरी’साठी एकच, ती पहिल्या खंडात आवडली नाही तर पुढेही आवडत नाही. मग दोन आठवड्यांनी फोन करा आणि पुन्हा तेच विचारा: कुठला प्रसंग सांगितलास, कुठे कंटाळा आला. दुसरी शिफारस पहिलीपेक्षा नेहमी चांगली होते, कारण आता तुमच्याकडे एक खरी चूक किंवा एक खरं यश असतं.

आतेभाऊ सध्या ‘हिस्टोरी’च्या तिसऱ्या खंडावर आहे. परवा रात्री त्याचा मेसेज आला: “दादा, हा युमेनिस पण खराच होता का?” मी लिहिलं, हो, प्लुटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकारानं त्याचं चरित्र लिहून ठेवलंय, पण बारावा खंड हातावेगळा होईपर्यंत ते उघडू नकोस.